खेळाचा खरा खर्च कोण भरतं?

(धुळ्यात झालेल्या युवा अभ्यासवर्गातील भाषणाचा लिखित मजकूर)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, विद्यापीठातल्या खेळांचा हिशेब. फोनवर दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, ‘बाजी, थोडं संविधान, थोडी वक्फ, असं काही घेतलं तर?’ वक्फवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी सॉफ्टवेअरवाली. रोजचं काम म्हणजे कुठला सर्व्हर कोणासाठी चालतो आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर पडतं हे शोधणं. तीच सवय घेऊन आज आले आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या मोबाइलमध्ये यंदाच्या प्रवेशाची पावती आहे त्यांनी ती काढा. शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क हे वरचे रकाने सोडून द्या. खाली या. जिमखाना, क्रीडा, विद्यापीठ क्रीडा निधी, अश्वमेध... नावं कॉलेजगणिक बदलतात. यातला एखादा तरी शब्द दिसतोय ना? अश्वमेध म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांचा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव. तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसेल, पण तो तुमच्याही पैशावर चालतो.

मुलींसाठी इथेच एक गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना शंभर टक्के सवलत मिळाली. घरोघरी बातमी पोचली, ‘मुलींना शिक्षण फुकट.’ सवलत आहे ती शिकवणी शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. खालचे किरकोळ रकाने तिच्यात नाहीत. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातली जी मुलगी ‘फुकट’ शिकते, ती कदाचित ज्या थोड्या गोष्टींसाठी रोख मोजते त्यांतली एक म्हणजे खेळ. आणि मैदानावर तिने पाऊलही ठेवलेलं नसतं.

रक्कम लहान असते हे मला माहीत आहे. शंभर, दीडशे. एवढ्याशा रकमेसाठी भाषण कशाला, असं वाटेल. पण या लहान रकमेच्या मागे किती मोठी रक्कम उभी आहे ते बघायचंय.

आपल्याकडचं विद्यापीठ म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत. खेळांसाठी जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार असे विभाग. आधी विभागात कॉलेजा-कॉलेजांच्या स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ. तो संघ मग पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातो. त्या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. २०२० पासून त्यावर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सची आणखी एक पायरी चढली. पहिल्या भुवनेश्वरला झाल्या.

आता कोणी विचारलं, ‘या सगळ्याला वर्षाला किती खर्च येतो?’ तर पटकन हाती लागतो तो अर्थसंकल्पातला क्रीडा विभागाचा आकडा. बहुतेक जण तिथेच थांबतात. पत्रकारसुद्धा. तो आकडा खोटा नसतो. तो फक्त एका खिशाचा असतो, आणि खेळाचा खर्च निदान पाच खिशांतून होतो.

एक उदाहरण करून दाखवते. आकडे माझे, समजा म्हणून घेतलेले, गणित सोपं राहावं म्हणून. एक अनुदानित कॉलेज, विद्यार्थी २,०००. प्रत्येकाकडून खेळाच्या नावाने १५० रुपये. झाले ३ लाख. त्यातले ५० रुपये विद्यापीठाचा वाटा, म्हणजे १ लाख वर गेले आणि २ लाख कॉलेजकडे राहिले. यंदा या कॉलेजला विभागीय कबड्डी स्पर्धेचं यजमानपद मिळालं, त्यासाठी विद्यापीठाने २० हजार परत दिले.

आता कॉलेजच्या हिशेबात खेळाच्या नावावर खर्च दिसतो तो असा: स्वतःचे २ लाख, विद्यापीठाला भरलेले १ लाख, स्पर्धेवरचे २० हजार. एकूण ३ लाख २० हजार. विद्यापीठाच्या वहीत या कॉलेजच्या पैशातून झालेला खर्च १ लाख. दोन्ही कागद घेऊन बेरीज केली तर ४ लाख २० हजार. विद्यार्थ्यांच्या खिशातून गेले होते ३ लाख. वरचे १ लाख २० हजार आले कुठून? कुठूनच नाही. तोच रुपया दोनदा मोजला गेला. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. मी स्वतः पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा हीच चूक केली होती आणि दोन दिवस कोणीतरी पैसे खातंय या खात्रीने फिरत होते. कोणावर बोट दाखवण्याआधी रुपया कुठून निघाला आणि शेवटी कोणाच्या हातात पडला एवढंच बघा. मधली हस्तांतरं खर्च नसतात.

तर खरा आकडा ३ लाख? नाही, अजून नाही. आता आपल्या मशिदीच्या दारावरचा कागद आठवा. रमजाननंतर लागतो तो. चटया, लाइट बिल, पंख्याची दुरुस्ती, आणि सर्वांत मोठी ओळ कुठली? इमामसाहेबांचा आणि मुअज्जिनांचा पगार. पगार न लिहिता कोणी मशिदीचा खर्च सांगितला तर तुम्ही हसाल. कॉलेजच्या खेळाच्या हिशेबात मात्र नेमका पगारच नसतो.

अनुदानित कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकांचा पगार सरकार देतं. तो ‘वेतन’ या दुसऱ्याच खात्यातून येतो, म्हणून क्रीडा निधीच्या वहीत दिसत नाही. सातव्या वेतन आयोगात या पदाची सुरुवात होते महिना ५७,७०० रुपये मूळ वेतनावर. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. नुसतं मूळ वेतन धरलं तरी वर्षाचे ६ लाख ९२ हजार ४०० होतात. म्हणजे २,००० विद्यार्थ्यांनी मिळून भरलेल्या ३ लाखांच्या दुपटीहून जास्त, आणि तेही नुकत्याच लागलेल्या माणसाचं. दोन्ही मिळून ९ लाख ९२ हजार ४००. कॉलेजातले समजा ६० जण खेळतात. एका खेळाडूमागे १६,५४० रुपये.

इथे कोणी सर बसले असतील तर ते म्हणतील, ‘मी काय फक्त खेळच बघतो का? परीक्षेची ड्युटी, नॅकच्या फाइली, गॅदरिंगची शिस्त हे कोण करतं?’ बरोबर आहे. म्हणून पूर्ण पगार खेळावर टाकणंही चुकीचं. त्यांच्या वेळेचा किती भाग मैदानावर गेला तेवढाच धरायचा. आमच्या धंद्यात एकच सर्व्हर चार टीम वापरत असतील तर बिलाचे चार भाग करतो, आणि कोणाचा किती यावर रोज भांडणं होतात. भांडण होऊ दे. भाग केलेच नाहीत तर सगळं बिल ‘इतर’ नावाच्या खड्ड्यात जातं.

आता याचीच उलटी बाजू. ज्या कॉलेजात हे पद रिकामं आहे, किंवा तासिका तत्त्वावर कोणाला तरी बोलावून भागवलं जातं, तिथे खेळाचा खर्च कागदावर खूप कमी दिसतो. कोणी म्हणेल, बघा, किती काटकसर. ही काटकसर नाही. तिथे मुलं सकाळी सहाला स्वतःच जमतात, स्वतःच शिट्टी वाजवतात, घोटा मुरगळला तर स्वतःच बर्फ आणतात. तो खर्च झालाच, पण मुलांच्या अंगावर झाला. कमी खर्चाचं कॉलेज चांगलं, असा निष्कर्ष नुसत्या आकड्यावरून कधी काढू नका.

यानंतर जमीन आणि इमारती. एखादं मैदान, हॉल, सिंथेटिक ट्रॅक बहुतेक वेळा सरकारी किंवा यूजीसीच्या अनुदानातून होतो. ज्या वर्षी झाला त्या वर्षी बातमी, फोटो, नारळ. पुढच्या वर्षापासून हिशेबातून गायब. पण ट्रॅक झिजतो. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर चांगलाच झिजतो. समजा ट्रॅकला ५ कोटी लागले आणि तो १० वर्षं टिकला. म्हणजे दरसाल ५० लाखांचा घसारा. त्यावर २०० खेळाडू धावत असतील तर एका डोक्यामागे वर्षाला २५ हजार. तोच ट्रॅक कुलूप काढून आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांच्या २,००० मुलामुलींना दिला तर अडीच हजार. ट्रॅक तोच, पैसे तेच. म्हणून मला बांधकामाच्या बिलापेक्षा किल्ली कोणाकडे असते या प्रश्नात जास्त रस आहे.

पाचवा खिसा घरचा. याबद्दल मी स्वतःचं सांगते, कारण दुसऱ्या कोणाचा हिशेब मला इतका पाठ नाही.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी खो-खोच्या संघात होते. आम्ही धुळ्याचे, अब्बांचे चार पॉवरलूम. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, सर आता निवृत्त आहेत आणि माणूस चांगला होता. आमची स्पर्धा शहाद्याला होती. कॉलेजने सांगितलं, प्रवासखर्च मिळेल, तिकिटं जपून ठेवा. मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर नव्हत्या. म्हणून अम्मीची अट पडली, अब्बा बरोबर जातील. अब्बांचं तिकीट कोण देणार? घर. अब्बा दोन दिवस नाहीत म्हणून कारखान्यात कारागिरावर नजर ठेवायला मामू आले, त्यांचं जाणं-येणं? घर. बूट? घर. कॉलेजचा टी-शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, आत घालायला पूर्ण बाह्यांचा वेगळा घेतला. तोही घरचा. अब्बांना वहीत लिहायची सवय, सुताच्या बाकीखाली त्यांनी ते सगळं लिहिलं होतं. सहाशे चाळीस रुपये, आणि पुढे कंसात ‘खो-खो’. त्या काळात आमच्या घरी ही रक्कम लहान नव्हती.

आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. तिकिटं मी जपून ठेवली, अर्ज भरला, भत्ता आजपर्यंत आलेला नाही. तिसऱ्या वर्षी मी खेळले नाही. घरी कोणी ‘नको’ म्हटलं नव्हतं. मीच हिशेब केला.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. अब्बांच्या वहीतली ती ओळ कुठल्याच सरकारी कागदावर नाही. त्यामुळे कॉलेजच्या मते त्या संघाला जेवढा खर्च आला, त्यापेक्षा खरा खर्च जास्त होता. आणि जिच्या घरी ती ओळ लिहायला जागा नव्हती ती मुलगी संघातच आली नाही. तिची नोंद तर कुठेच नाही. आपण सहज म्हणतो, मुस्लिम मुली खेळत नाहीत, घरचे पाठवत नाहीत, मजहब आड येतो. येतोही काही ठिकाणी, नाकारत नाही. पण त्या आधी एक साधा दर लावलेला असतो. मुलाला खेळायला समजा शंभर रुपये घरून लागतात, मुलीला अडीचशे, कारण तिच्याबरोबर कोणीतरी जावं लागतं. अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी मुलीला त्याहून जास्त, कारण जळगाव गाठायलाच तिचा दिवस जातो. रावेर-यावलकडच्या आपल्या तडवी बहिणींचंही तेच. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा कोणी क्रीडा धोरण म्हणून ते केलं नव्हतं. मला मात्र वाटतं, मुलींच्या खेळावरचा घरचा खर्च कमी करणारं अलीकडचं सर्वांत मोठं काम तेच असावं.

परत आपल्या काल्पनिक कॉलेजकडे. २,००० मध्ये ९०० मुली आहेत असं धरू. १५० प्रमाणे त्यांनी भरले १ लाख ३५ हजार. खेळणाऱ्या ६० मध्ये मुली १५. खर्च सगळ्या खेळाडूंवर सारखा झाला असं मानलं तर ३ लाखांतला चौथा हिस्सा, ७५ हजार, मुलींवर गेला. उरलेले ६० हजार मुलींनी भरले आणि मुलांवर खर्च झाले.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने वापरायचं यात मुळात काही वाईट नाही. ग्रंथालय तसंच चालतं. सरकारी दवाखाना तसाच चालतो. जकातीमागचा विचारही तोच आहे. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं, ज्याला गरज आहे त्याने घ्यावं. इथे मात्र देणारा आणि घेणारा कोण हे तपासलंय का? बहुतेक वेळा कोणी ठरवून हे केलेलं नसतं. ठरवून केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग मुली म्हणतात, ‘आमचाही संघ करा.’ उत्तर येतं, ‘निधी नाही.’ या उत्तराला आकड्यांतच उत्तर द्यायला शिका. नवा संघ काढायला पूर्ण सरासरी खर्च लागत नाही. मैदान आहे. सर आहेत. खो-खोला दोन खांब आणि चुन्याची भुकटी लागते. वाढतो तो फक्त वरचा खर्च. १२ मुली, प्रत्येकी दीड हजाराचा पोशाख आणि बूट, १८ हजार. बरोबर एक बाई मॅनेजर, मिळून १३ जणी. दोन स्पर्धा, दर वेळी माणशी ४०० रुपये प्रवास, १० हजार ४००. चार दिवस माणशी ३०० रुपये जेवण, १५ हजार ६००. एकूण ४४ हजार. मघाचे ६० हजार आठवताय ना? दर थोडे इकडेतिकडे करा, तुमच्या कॉलेजचे खरे घाला. पण तक्ता घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलात तर ‘निधी नाही’ हे वाक्य तितकं सहज निघणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. महिला संघाची कप्तान प्रियांका इंगळे, पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. केबिनमध्ये तेही सांगा, चालतं.

पोशाखाबद्दल एवढंच. फिफाने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या फिबाने २०१७ मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. हिजाब घालावा की नाही हा आजचा विषय नाही, त्यावर इथेच दहा मतं निघतील. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग चालेल, एवढी एक ओळ कॉलेजच्या नोटिशीत लिहायला किती खर्च येतो? शून्य. आणि ती ओळ नसल्याने किती मुली निवड चाचणीलाच येत नाहीत, ते मोजायला हवं.

या सगळ्याचा आणखी एक अवघड कोपरा आहे, शिष्यवृत्त्या आणि फी-माफी. मौलाना आझादांचा फोटो आपण ११ नोव्हेंबरला लावतो. त्यांच्या नावाची एक ट्रॉफी आहे, ती किती जणांना माहीत आहे? मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी. १९५६-५७ पासून, म्हणजे मौलाना स्वतः शिक्षणमंत्री असताना सुरू झाली. विद्यापीठांच्या खेळांत एकूण सर्वोत्तम ठरलेल्या विद्यापीठाला मिळते. गेली कित्येक दशकं ती बहुतेक अमृतसर, चंदीगड, पतियाळा या पट्ट्यातच फिरते. चांगले खेळाडू यावेत म्हणून अशी विद्यापीठं फी माफ करतात, होस्टेल देतात, खाणं देतात. मग हिशेबात काय लिहायचं? समजा फी ४० हजार, ती माफ केली. खर्च ४० हजार झाला का? त्या वर्गात तीस जागा रिकाम्याच होत्या तर त्या एका मुलाला बसवायला जवळजवळ काहीच लागलं नाही. जागा भरलेल्या असतील आणि त्याच्यामुळे फी भरणारा दुसरा परत गेला असेल तर पूर्ण ४० हजार. एकच फी-माफी, एका कॉलेजात जवळपास फुकट, दुसऱ्यात महाग.

अमेरिकेत यावर सगळ्यात मोठा गोंधळ आहे. तिथे कॉलेजच्या फुटबॉलला लाखभर प्रेक्षक येतात, टीव्हीचे करार होतात, आणि आपल्याला वाटतं, विद्यापीठं छापत असतील पैसा. प्रत्यक्षात सर्वांत वरच्या गटातल्या शंभराहून जास्त विद्यापीठांपैकी दोन डझनांच्या आसपास विद्यापीठांचाच क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर भागतो. बाकीच्यांना विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाचं सामान्य खातं पोसतं. गंमत म्हणजे ती मदत कित्येकदा क्रीडा विभागाच्या ‘उत्पन्नात’ दाखवली जाते. मग जमाखर्च बरोबर जुळतो, आणि तोटा दिसतच नाही. आपण त्यांच्याकडून घेण्यासारखं वेगळंच आहे. १९९४ च्या एका कायद्याने, केंद्राची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण कॉलेजला दरवर्षी जाहीर करावं लागतं की मुलांच्या संघांत किती जण खेळले, मुलींच्या किती, आणि दोघांवर किती खर्च झाला. आपल्याकडे विद्यापीठाने एवढे रकाने जरी छापले तरी मी पुढच्या वर्षी दुसऱ्या विषयावर बोलेन.

ते छापत नाहीत तोवर माहिती अधिकार आहे. मूळ कायद्याचं कलम ४ सांगतं की अर्थसंकल्प, नियोजित खर्च हे सार्वजनिक प्राधिकरणाने मागणीशिवायच जाहीर करायचं. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तेवढं शोधा, फुकट असतं. नंतर अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून ‘गेल्या दहा वर्षांचा सगळा कारभार द्या’ असलं लिहू नका, तो अर्ज परत येतो आणि यायलाच हवा. ‘का’ विचारू नका. माहिती अधिकारात मत मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक वर्षाची क्रीडा निधीची खातेवही, प्रवासभत्त्याची देयकं, अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, संघनिहाय खेळाडूंची यादी. यादीत मुलामुलींचे फोन नंबर, पत्ते मागायचे नाहीत, संख्या पुरते. अनुदानित खाजगी कॉलेजलाही हा कायदा लागू आहे. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयात, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. प्रतींचे पानाला दोन रुपये. त्यापेक्षा मी म्हणेन, कागद बघायला प्रत्यक्ष जा. पहिला तास फुकट असतो, आणि टेबलापलीकडच्या कारकुनाबरोबर चहा प्यालात तर जे खातेवहीत कळत नाही तेही कळतं.

दुसरी वाट जरा लांबची आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे येतो. त्या सिनेटवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून जातात. ज्यांची पदवी झाली आहे त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता, ज्यांनी विद्यापीठात पदवीधर मतदार म्हणून नोंदणी केली आहे त्यांनीच हात वर ठेवा.

तीन. मी स्वतः नोंदणी केली ती मागच्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेव्हा तुम्हाला बोलायचा मला अधिकार नाही.

कोणी तरी मला म्हणालं होतं, आपण मुस्लिम म्हणून आधीच डोळ्यांवर येतो, त्यात विद्यापीठाचा हिशेब कशाला मागायचा? मी मुस्लिम म्हणून मागतच नाहीये. पावती ज्याच्या हातात आहे तो मागतोय. अर्जावर धर्माचा रकाना नसतो. आणि उत्तरात जो तक्ता येईल तो पारोळ्याच्या पाटलाच्या मुलीच्याही कामाचा असेल, नंदुरबारच्या वळवीच्या मुलाच्याही. शक्य असेल तर अर्ज त्यांच्याबरोबर बसूनच लिहा.

आणि हो, आता घाई आहे ती नव्या अभ्यासक्रमामुळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ हा सहअभ्यासक्रमाचा, श्रेयांक मिळवून देणारा विषय झाला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आधीपासून आहेच. म्हणजे मैदानावर कोण पोचतं हा आता गुणपत्रिकेचा आणि नोकरीचाही प्रश्न आहे.

मी एक कोरा तक्ता बनवला आहे, मागच्या टेबलावर छापील प्रती आहेत. पाच खिशांचे पाच रकाने: विद्यार्थ्यांची फी, विद्यापीठ, सरकारी वेतन, इमारत-मैदानाचा घसारा, घर. प्रत्येकात मुलं आणि मुली वेगळे. घरच्या रकान्यासाठी माहिती अधिकार चालत नाही, त्यासाठी तुमच्या कॉलेजातल्या खेळणाऱ्या दहा मुलींशी आणि खेळणं सोडलेल्या दहा मुलींशी बोलावं लागेल. सोडलेल्या शोधायला वेळ लागतो, त्या आधी शोधा. जळगावच्या तिघांनी आणि धुळ्याच्या दोघांनी आपापलं कॉलेज घेतलं आहे, शिरपूर आणि अमळनेर अजून रिकामं आहे.

प्रश्न आता घेऊ. ज्यांना जळगावची गाडी धरायची आहे त्यांनी आधी विचारा.